तळातला कांदा

मागच्या हिवाळ्यात मी मामांबरोबर सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याच्या लिलावाला गेले होते. मामांचे शेत मोहोळ तालुक्यात आहे. लाल कांद्याची आवक भरात असली की यार्डाच्या फाटकापासूनच हवा बदलते. ओलसर माती, ताग आणि कांद्याचा उग्र वास एकत्र होऊन घशात बसतो आणि वाऱ्याने उडालेली गुलाबी टरफले चपलांखाली चुरत राहतात. आडत्याच्या गाळ्यासमोर गोण्यांच्या थप्प्या लागल्या होत्या, हमाल सुतळ्या कापून गोण्यांची तोंडे उघडत होते आणि खरेदीदारांचा घोळका एका वक्कलावरून, म्हणजे एकत्र लिलावाला लावलेल्या मालावरून, दुसऱ्या वक्कलाकडे सरकत होता. मामांच्या आधीच्या वक्कलातली एक गोणी कुणीतरी ओतायला लावली. वरचा कांदा टपोरा आणि एकसारखा होता. खालून मात्र गोल्टी म्हणजे बारका कांदा, जोडकांदा आणि कोंब फुटलेला माल घरंगळत बाहेर आला. कुणी काही बोलले नाही. घोळका मामांच्या गोण्यांपाशी आला, पुढच्या खरेदीदाराने दोन कांदे उचलून त्यांच्या माना अंगठ्याने दाबून पाहिल्या, परत टाकले, आणि बोली अपेक्षेपेक्षा बरीच खालून सुरू झाली. “खालपर्यंत एकसारखा माल हाय, ओतून बघा,” मामा म्हणाले. ओतून बघायला वेळ नव्हता. मागे अजून कितीतरी वक्कले थांबली होती. बोली थोडी वर सरकली आणि तिथेच तुटली.

परतीच्या वाटेवर मामा फारसे बोलले नाहीत. हमाली, तोलाई आणि गाडीभाडे वजा होऊन हातात आलेली हिशेबाची पट्टी त्यांनी घडी घालून खिशात ठेवली. मला मात्र एक गोष्ट त्या दिवसापासून छळत राहिली आहे. या सगळ्या व्यवहारात मामांना फसवणारे कुणीही नव्हते. खरेदीदाराने नुकतीच एक गोणी डोळ्यांनी पाहिली होती, तिच्यावरून त्याने पुढच्या गोणीचा अंदाज बांधला आणि त्या अंदाजाला साजेसा भाव बोलला. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केले असते. लिलाव उघड होता, खरेदीदार अनेक होते, विक्रेते त्याहून अनेक होते, बोली सर्वांच्या कानांवर पडत होती. पाठ्यपुस्तकात बाजाराची जी चांगली लक्षणे सांगतात, त्यांतली बहुतेक तिथे हजर होती.

मामांना मिळाला तो यार्डातल्या सरासरी संशयाचा भाव.

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते, आणि ज्या सिद्धांतामुळे मी या विषयाकडे वळले तो सर्वसाधारण समतोलाचा. कांद्याचा भाव डिझेलवर अवलंबून, गाडीभाडे कांद्याच्या आवकेवर अवलंबून, गोणीची किंमत तागावर, मजुरी ज्वारीच्या भावावर आणि ज्वारीचा पेरा पुन्हा कांद्याच्या भावावर. सगळेच सगळ्यावर अवलंबून असताना, प्रत्येक वस्तूची मागणी आणि पुरवठा एकाच वेळी जुळतील अशी किमतींची एखादी यादी असते तरी का? लिऑन वालरा यांनी १८७४ साली लोझानहून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा प्रश्न समीकरणांत मांडला. समीकरणे आणि अज्ञाते त्यांनी मोजली, दोन्हींची संख्या सारखी भरली, आणि तेवढ्यावर त्यांनी उत्तर असल्याचे मानले. पण संख्या सारखी असणे पुरेसे नसते. एका अज्ञाताचे एकच समीकरण असूनही त्याला वास्तव संख्यांत उत्तर नाही, असे बारावीच्या मुलालाही दाखवता येते. हा पेच पुढे जवळजवळ ऐंशी वर्षे राहिला. १९५४ साली केनेथ अ‍ॅरो आणि जेरार दब्रू यांनी एकत्रितपणे, आणि त्याच वर्षी लायोनेल मॅकेन्झी यांनी स्वतंत्रपणे, असा समतोल अस्तित्वात असतो हे काटेकोरपणे सिद्ध केले.

त्या सिद्धतेचा गाभा आमच्या सरांनी ज्या रीतीने उलगडून दाखवला, ती रीत मी आजही वर्गात वापरते. सरांनी सोलापूर शहराचा एक जुना नकाशा फरशीवर पसरला आणि म्हणाले, या नकाशावर असा एक बिंदू आहेच, की तो शहरातल्या ज्या जागेचे चित्र आहे, नेमका त्याच जागेवर आत्ता टेकलेला आहे. नकाशा फिरवा, सरकवा, फक्त शहराच्या बाहेर नेऊ नका. तो बिंदू बदलेल, पण नाहीसा होणार नाही. ब्राउवर यांचे स्थिर बिंदू प्रमेय हे सांगते, आणि शिझुओ काकुतानी यांनी १९४१ साली त्याचा विस्तार अशा नियमांपर्यंत केला, जिथे एका बिंदूला एकच उत्तर नसून उत्तरांचा संच मिळतो. किमतींची एक यादी घ्या. तिच्यावर लोक किती मागतील आणि किती विकतील ते पाहा. जिथे मागणी जास्त तिथे किंमत वाढवा, जिथे पुरवठा जास्त तिथे उतरवा. नवी यादी मिळेल. जी यादी या फेऱ्यातून जाऊनही स्वतःच राहते, तिथे समतोल असतो. फरशीवरच्या नकाशाकडे पाहताना, मंगळवार बाजारातल्या भाजीवालीपासून अक्कलकोट रस्त्यावरच्या यंत्रमागांपर्यंत सगळे एका अदृश्य बिंदूभोवती बांधलेले आहेत या जाणिवेने माझ्या अंगावर शहारा आला होता. तो आनंद ओसरलेला नाही, आणि या लेखातला कुठलाही शब्द त्याच्या विरोधात लिहिलेला नाही.

या सिद्धतेच्या इतिहासातला एक धागा आपल्या देशात येऊन तुटतो, तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९३० च्या दशकात व्हिएन्नामध्ये अब्राहम वाल्ड या तरुण गणितज्ञाने काही विशिष्ट परिस्थितींत समतोल असतोच, हे पहिल्यांदा नीट सिद्ध करून दाखवले होते. नंतर त्यांना युरोप सोडावा लागला, अमेरिकेत ते संख्याशास्त्रातले फार मोठे नाव झाले, आणि १९५० च्या डिसेंबरमध्ये भारतात व्याख्यानांसाठी आले असताना निलगिरीच्या डोंगरांत विमान कोसळून ते पत्नीसह गेले. ज्या प्रमेयाचा पाया त्यांनी घातला होता, ते त्यांच्यामागे चार वर्षांनी पूर्ण झाले.

आता प्रश्न असा, की त्या प्रमेयात मामांची गोणी कुठे बसते.

दब्रू यांनी १९५९ साली हा सिद्धांत एका छोट्या पुस्तकात मांडला, आणि त्यात वस्तूची व्याख्या विलक्षण काळजीपूर्वक केली आहे. वस्तू म्हणजे तिचे सर्व भौतिक गुण, ती जिथे मिळते ती जागा आणि ती ज्या दिवशी मिळते तो दिवस. यांतले काहीही बदलले की ती वेगळी वस्तू झाली आणि तिची किंमतही वेगळी. आज सोलापुरात मिळणारा कांदा आणि उद्या पुण्यात मिळणारा कांदा या दोन वस्तू. पुढे जाऊन, पाऊस पडला तर मिळणारा कांदा आणि न पडला तर मिळणारा कांदा याही दोन वस्तू. अनिश्चितता या एका युक्तीने सिद्धांतात सामावली जाते. या व्याख्येप्रमाणे गोणीच्या तोंडाशी असलेला टपोरा कांदा आणि तळाशी असलेली गोल्टी यांचे दोन वेगळे बाजार असायला हवेत आणि दोन वेगळे भाव असायला हवेत. व्याख्येत दोष कुठेच नाही. पण तिच्या मागे न लिहिलेली एक अट उभी आहे: हातात आलेली वस्तू या दोन वस्तूंपैकी कोणती आहे, हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला सारखेच ठाऊक आहे. आमच्या वर्गात या व्याख्येवर फार वेळ गेला नव्हता. सगळे लक्ष स्थिर बिंदूकडे लागलेले असे. यार्डात उभे राहिल्यावर मला जाणवले, की बाजारातली अर्धी माणसे दिवसभर जे काम करतात ते याच एका अटीसाठी असते. माना दाबून पाहणे, गोणी ओतणे, कोपरापर्यंत हात आत घालून मुठीत आलेला कांदा वर काढणे, आडत्याने आपल्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या मालाबद्दल खरेदीदाराच्या कानात दोन शब्द सांगणे, या सगळ्या श्रमांतून कांदा ‘वस्तू’ होतो. प्रमेयात तो आधीच वस्तू होऊन आलेला असतो.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांचा १९७० सालचा निबंध जुन्या मोटारींच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे, जिथे गाडीतला दोष विकणाऱ्याला ठाऊक असतो आणि घेणाऱ्याला नसतो, आणि तो तीन नियतकालिकांनी परत पाठवला होता, ही गोष्टही अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. त्या निबंधातला भारत मात्र फारसा सांगितला जात नाही. अ‍ॅकरलॉफ १९६७ ते ६८ या काळात दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत होते, आणि निबंधात भारतातल्या सावकारीवर, कर्जबाजारावर आणि तांदळावर लिहिलेले आहे. तांदळाबद्दल ते लिहितात, की इथल्या गृहिणीला बाजारातून आणलेल्या तांदळातून त्याच रंगाचे आणि त्याच आकाराचे, मुद्दाम मिसळलेले खडे निवडून काढावे लागतात. हे वाक्य पहिल्यांदा वाचले तेव्हा माझ्यासमोर आई उभी राहिली. दुपारच्या जेवणानंतर ओसरीवर सूप घेऊन बसलेली, ज्वारी पाखडताना उडणारा कोंडा, मग तांदळाचे ताट उजेडाकडे कलते धरून एका बोटाने दाणे सरकवत जाणारी आई. तिला ते दाणे सरकवण्याच्या आवाजावरूनही खडा कळत असे. घरोघरच्या बायकांनी वर्षानुवर्षे केलेले हे काम राष्ट्रीय उत्पन्नात कुठे मोजले गेले नाही, पण तांदळाचा बाजार त्यावर उभा होता. ते काम झाले नसते तर त्या भावाला तो तांदूळ कुणी घेतलाच नसता. एका तरुण परदेशी अर्थशास्त्रज्ञाला ते दिसले आणि त्याने ते सिद्धांताच्या मध्यभागी आणून ठेवले, याबद्दल मला त्या माणसाविषयी कायमची कृतज्ञता वाटते.

अ‍ॅकरलॉफ यांच्या युक्तिवादातली एक बाजू मात्र शिकवताना अनेकदा सुटते, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. समजा, यार्डात येणाऱ्या निम्म्या गोण्यांतला कांदा किलोला २० रुपयांच्या लायकीचा आहे आणि निम्म्यांतला ८ रुपयांच्या. कोणती गोणी कोणती, हे शेतकऱ्याला ठाऊक आहे, खरेदीदाराला नाही. खरेदीदार सरासरी धरून १४ रुपये देईल. काही गोण्यांत तो ६ रुपये गमावेल, काहींत ६ कमावेल. दिवसअखेर त्याचा हिशेब जुळेल. म्हणजे नुकसान खरेदीदाराचे नाही. असममित माहिती, म्हणजे एकाला ठाऊक आणि दुसऱ्याला नाही अशी स्थिती, म्हटले की आपल्या मनात फसलेले गिऱ्हाईक येते. प्रत्यक्षात सावध गिऱ्हाईक आपला संशय भावात आधीच वजा करून घेते. ज्याने गोल्टी खाली भरली त्याला ८ च्या मालाचे १४ मिळाले, आणि ती जादा रक्कम ज्याच्या खिशातून गेली तो खालपर्यंत एकसारखा माल भरणारा शेतकरी. त्याला जर हाच माल चाळीत ठेवून किंवा थेट एखाद्या हॉटेलला देऊन १६ मिळत असतील, तर तो उद्या यार्डात येणार नाही. तो न आल्याने उरलेल्या गोण्यांची सरासरी उतरेल, भाव उतरेल आणि मग त्याच्याहून थोडा कमी चांगला माल असलेला शेतकरीही घरी थांबेल. शेवटी बाजारात काय उरते, हे सांगायला गणिताची गरज नाही. मामांसारख्या माणसाला घरी थांबण्याचीही सोय नसते, कारण लाल कांदा टिकत नाही आणि सोसायटीच्या कर्जाची तारीख जवळ आलेली असते. म्हणून ते येतात आणि फरक भरतात.

प्रामाणिकपणावरचा हा कर कुणी बसवलेला नाही, आणि तो वसूल करणारा कुणी दाखवता येत नाही.

याच्या उलट, किंमत काही गोष्टी किती सुंदर रीतीने सांगते हेही मी त्याच यार्डात पाहिले आहे. फ्रेडरिक हायेक यांनी १९४५ साली लिहिले होते, की जगात कुठेतरी कथिल दुर्मीळ झाले तर ते का झाले हे कुणालाही कळण्याची गरज नसते; किंमत वाढते आणि लाखो लोक आपोआप कथिल जपून वापरू लागतात. २०२३ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा आदेशाचा कागद न वाचलेल्या शेतकऱ्यालाही पुढच्या लिलावात तो आदेश अक्षरशः ऐकू आला. दूरच्या बंदरात काय घडले, शेजारच्या राज्यात किती पेरा झाला, कुठे अवकाळी पाऊस पडला, हे सगळे एका आकड्यात मुरून यार्डापर्यंत पोहोचते. पण समोरच्या गोणीच्या तळाशी काय आहे, हे तो आकडा सांगू शकत नाही. शिवाय त्याला सगळेच सांगता येणार नाही, हे सॅनफर्ड ग्रॉसमन आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी १९८० साली दाखवून दिले. किंमत जर सगळी माहिती फुकट उघड करू लागली, तर ती माहिती मिळवण्यासाठी श्रम आणि पैसा खर्च करणाऱ्याला काहीच लाभ उरणार नाही. मग कुणीही गोणीत हात घालणार नाही. आणि कुणीच हात घातला नाही तर किमतीत ती माहिती येणार कुठून? म्हणजे गोणी तपासणाऱ्याला त्याची मजुरी मिळेल इतपत अज्ञान बाजारात राहावेच लागते. हा निष्कर्ष मी जितक्या वेळा शिकवते, तितक्या वेळा मला त्याच्यासमोर थोडे थांबावे लागते.

मामांच्या बांधाला लागून एका शेतकऱ्याची डाळिंबाची बाग आहे. गेल्या काही वर्षांत तिच्यावर तेल्या रोग आला, नंतर एकदा गारपीट झाली, आणि आजूबाजूला फारसे नुकसान नसताना त्या बागेत फळांचा सडा पडला. विम्याची गोष्ट निघाली की तो माणूस आजही गप्प होतो. त्याचे दुःख खरे आहे, आणि पीक विमा एकेका शेतावर न बांधता महसूल मंडळाच्या पातळीवर का बांधावा लागतो याचे कारणही तितकेच खरे आहे. पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर यांनी १९७० च्या दशकात क्षेत्राधारित पीक विम्याचा आग्रह धरला, तो याच कारणाने. एकेका शेताचा विमा उतरवायचा म्हटले, तर ज्याची जमीन उथळ आणि विहीर कोरडी तोच आधी धावत येईल, आणि विमा उतरवल्यावर खुरपणी-फवारणीत किती लक्ष घातले हे कंपनीला दिसणार नाही. मंडळातल्या निवडक शेतांत पीक कापणी प्रयोग करून सरासरी काढली, तर एकट्या शेतकऱ्याला ती आपल्या वागण्याने हलवता येत नाही. माहितीची दरी अशी मिटते, पण तिच्या जागी दुसरी उघडते: ज्याचे एकट्याचे बुडाले त्याला सरासरीत जागा नसते. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीसाठी शेतनिहाय पाहणीची तरतूद ठेवण्यात आली. म्हणजे तिथे पुन्हा कुणीतरी बांधावर जाऊन डोळ्यांनी पाहण्याचे काम आलेच.

विम्याच्या या प्रश्नानेच माझ्या लाडक्या अस्तित्व-प्रमेयाला सर्वांत खोल धक्का दिला. मायकेल रॉथशील्ड आणि स्टिग्लिट्झ यांनी १९७६ साली दाखवले, की विमा घेणाऱ्याला आपली जोखीम ठाऊक असेल आणि कंपनीला नसेल, तर स्पर्धेच्या बाजारात समतोल नसण्याचीही शक्यता असते. सगळ्यांना एकच करार दिला, तर एखादी नवी कंपनी थोडे कमी संरक्षण आणि बराच कमी हप्ता देऊन कमी जोखमीची माणसे पळवते आणि जुना करार तोट्यात जातो. वेगवेगळ्यांना वेगवेगळे करार दिले आणि कमी जोखमीची माणसे पुष्कळ असली, तर सर्वांसाठी एकच करार आणणारी कंपनी ती मांडणी मोडते, आणि मग पहिला पेच पुन्हा सुरू होतो. ज्या बिंदूच्या असण्याबद्दल सरांनी नकाशा पसरून मला खात्री दिली होती, तो बिंदू इथे कधी कधी सापडतच नाही. हे वाचले त्या रात्री मला नीट झोप लागली नव्हती. मला आठवते, त्या अस्वस्थतेत भीतीपेक्षा आदर जास्त होता. कारण प्रमेय कुठल्या अटींवर उभे आहे हे इतके स्पष्ट लिहिलेले नसते, तर नेमकी कोणती अट काढली की काय कोसळते हे दाखवणेही शक्य झाले नसते.

आमच्या शहराची चादरही याच प्रश्नात अडकलेली आहे. बाहेरगावी विणलेल्या हलक्या चादरी सोलापुरी म्हणून विकल्या जातात, घडी घातलेल्या चादरीवर गिऱ्हाईकाला फरक दिसत नाही, आणि त्या अविश्वासाची किंमत शहराच्या पूर्व भागातल्या विणकराला मोजावी लागते. भौगोलिक मानांकन मिळाले हे चांगलेच झाले, पण मानांकनाच्या चिठ्ठीची नक्कल विणीच्या नकलेपेक्षा स्वस्त पडते, हेही तितकेच खरे.

रॉय रॅडनर यांनी १९६८ साली सर्वसाधारण समतोलाच्या चौकटीतच माहितीचा प्रश्न आणला. त्यांची कल्पना साधी आणि कठोर आहे: ज्या दोन परिस्थितींतला फरक मला दिसत नाही, त्या फरकावर अवलंबून असलेला करार मी करू शकत नाही. प्रत्येक जण आपल्याला दिसते तेवढ्याच बारकाईने व्यवहार करतो, समतोल तरीही असू शकतो, पण कितीतरी बाजार जन्मालाच येत नाहीत. १९७९ साली त्यांनी आणखी पुढे जाऊन दाखवले, की शक्य परिस्थितींची संख्या मर्यादित असेल आणि लोक किमतींवरून शिकत असतील, तर बहुतेक अर्थव्यवस्थांत किमती शेवटी सगळी माहिती उघड करतात. मला हा निष्कर्ष गणित म्हणून मान्य आहे आणि यार्डात तो पुरत नाही असे माझे ठाम मत आहे. माहितीच्या बाजू किमतींच्या संख्येपेक्षा जास्त झाल्या, की ही हमी उरत नाही. एका वक्कलाला एकच भाव लागतो. त्या एका आकड्याने कांद्याचा आकार, मानेची जाडी, ओल, कोंब, जोडकांद्याचे प्रमाण, तो शेतात किती दिवस सुकवला आणि गोणीच्या तळाशी काय भरले, हे सगळे कसे सांगावे?

यंदा मामांनी काढणीनंतर बायकांची टोळी लावून कांदा शेतातच निवडून घेतला. टपोरा वेगळा, मध्यम वेगळा, गोल्टी आणि चिंगळी वेगळी. त्या निवडणीची मजुरी त्यांनी पदरची दिली. त्यांच्या रोजच्या आडत्याला फरक कळला आणि त्याने तो खरेदीदारांना सांगितलाही, त्यामुळे थोडे जास्त मिळाले. पण मजुरी पुरती निघाली का, याबद्दल मामा ठामपणे काही बोलत नाहीत. मी त्यांना म्हटले, की हे काम एकट्या शेतकऱ्यावर सोडणेच चुकीचे आहे. ब्रूस ग्रीनवाल्ड आणि स्टिग्लिट्झ यांनी १९८६ साली सिद्ध केले, की माहिती अपुरी असलेल्या बाजारात एकाच्या वागण्याचा परिणाम दुसऱ्यांच्या भावावर होतो आणि बाजार तो आपणहून दुरुस्त करत नाही. ज्याने गोल्टी खाली भरली त्याने मागच्या वक्कलांचा भाव पाडला, ज्याने निवडून माल आणला त्याने सगळ्या यार्डाचा संशय थोडा कमी केला. दोघांच्याही पट्टीवर त्याची नोंद नाही. ई-नाम या शेतमालाच्या ऑनलाइन राष्ट्रीय बाजारात लिलावाआधी माल तपासून प्रत ठरवण्याची कल्पना आहेच, कारण दूरच्या शहरातून बोली लावणाऱ्याला गोणीत हात घालता येत नाही. आवक भरात असताना एवढ्या गोण्या तपासणे कठीण आहे, पण प्रत्येक वक्कलातून कोणती गोणी ओतायची ते चिठ्ठी टाकून ठरवले आणि तपासणीचा खर्च सार्वजनिक निधीतून झाला, तर खाली गोल्टी भरण्यातला फायदा पुष्कळ कमी होईल. हे झाले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

मामांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “आणि पोरी, त्या प्रत ठरवणाऱ्यावर लक्ष कोण ठेवणार?”

आम्ही तेव्हा सोलापूरच्या एसटी स्टँडवर मोहोळच्या गाडीची वाट पाहत होतो. मी त्यांना लिओनिड हुरविच यांच्याबद्दल सांगितले. नियम कसे आखावेत म्हणजे ज्याला खरे ठाऊक आहे त्याला खरे सांगणेच फायद्याचे ठरेल, या शास्त्राचा पाया हुरविच यांनी घातला, आणि २००७ साली, नव्वदीत असताना, त्यांना नोबेल मिळाले. नोबेलच्या व्याख्यानासाठी त्यांनी निवडलेला विषय नेमका मामांचाच होता, राखणदारांची राखण कोण करणार. मामांना याचे आश्चर्य वाटले नाही. त्यांनी विचारले, मग त्यांनी उत्तर काय दिले? मी सांगितले, की एका राखणदारावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा असे अनंत लावत जाता येत नाही, म्हणून राखणदारांनी एकमेकांवर लक्ष ठेवावे किंवा त्या साखळीत कुठेतरी स्वतःच्या नीतीने नियम पाळणारी माणसे असावीत, अशा वाटांचा त्यांनी विचार केला. मामा म्हणाले, पहिली वाट यार्डात चालणार नाही, तिथे सगळे एकमेकांचे ओळखीचे असतात. आणि दुसरी वाट धरायची तर अशा माणसाला तिथे टिकू कसे द्यायचे तेवढे सांग. मी शेतकऱ्यांच्याच प्रतिनिधींनी आळीपाळीने तपासणीला उभे राहण्याची कल्पना मांडली, त्यांनी हंगामात कुणाला तेवढी सवड असते ते विचारले, आणि गाडी फलाटाला लागेपर्यंत आम्ही दोघे त्याच एका मुद्द्यावर बोलत राहिलो.